साताऱ्यात वर्षभर, बर्फात आठवडाभर: एटी टायर कसे निवडावेत

दिवाळी झाली की आमच्या ओळखीत हमखास कुणीतरी विचारतं, "डिसेंबरात गाडी घेऊन मनालीला चाललोय, टायर कुठले टाकू?" अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला आणि हिवाळ्यात लाहौलात जाणं आवाक्यात आलं. त्यामुळे एमएच ११, एमएच ५० आणि एमएच १० च्या (सातारा, कराड, सांगलीच्या) पाट्या आता बोगद्यापलीकडच्या सिस्सूपर्यंत दिसतात. टायरच्या दुकानात याचं उत्तर ठरलेलं असतं: "एटी टाका, बिनधास्त कुठंबी जावा." एटी म्हणजे ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठी बेतलेला टायर. पण हे उत्तर अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात पैसेही जातात आणि कधीकधी गाडीही नाल्यात जाते.

मी स्वतः या निवडीतून गेलोय. आकड्यांचा आणि खुणांचा गोंधळ झाला, दुकानं फिरलो, वरच्या भागात गाडी चालवणाऱ्यांना विचारलं. त्यातून जे कळलं ते क्रमाने देतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. टायर घरच्या रस्त्यांसाठी निवडायचा, त्याच टायरवर बर्फाची खूण मिळते का ते बघायचं आणि गोठून काच झालेल्या बर्फासाठी चेन, म्हणजे टायरवर गुंडाळायची साखळी, घ्यायची. ही तीन वेगवेगळी कामं आहेत. एकच टायर तिन्ही करेल अशी आशा ठेवू नका.

१. आधी आपले रस्ते कागदावर मांडा

दुकानात जाण्यापूर्वी गेल्या वर्षभरात गाडी कुठे कुठे फिरली ते आठवून लिहा. आपला भाग या बाबतीत विचित्र आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावात पाचशेच्या आसपास. तिकडे सांगलीत शिराळ्याचा पश्चिम भाग पावसाने भिजलेला असतो, तर जत-आटपाडी कोरडी. म्हणजे "साताऱ्यासाठी चांगला टायर" अशी वस्तूच नाही. पाटणहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला येजा करणाऱ्याची गरज वेगळी आणि दहिवडीला शेत असणाऱ्याची वेगळी.

रस्त्यांचे ढोबळ चार गट करा:

- हायवे आणि चांगला डांबरी रस्ता (पुणे-बंगळूर महामार्ग, खंबाटकी वगैरे).
- ओले घाट: पसरणी, केळघर, आंबेनळी, कुंभार्ली, यवतेश्वर.
- खडी, मुरूम, पठारावरचे रस्ते: चाळकेवाडी, सडावाघापूर, बामणोली-तापोळ्याकडचे आतले फाटे.
- चिखल. यातही दोन जाती आहेत. डोंगरावरची तांबडी माती आणि कृष्णाकाठची काळी. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

आता वर्षातला किती वापर पहिल्या दोन गटांत जातो ते प्रामाणिकपणे बघा. दहातला नऊ हिस्सा डांबरावरच असेल आणि बर्फातही जायचं नसेल, तर एटी टायर घेऊच नका. गाडीबरोबर आलेले हायवे पद्धतीचे एचटी टायर शांत चालतात, ॲव्हरेज चांगलं देतात आणि ओल्या डांबरावर बहुतेक एटीपेक्षा लवकर थांबतात. निव्वळ रुबाबासाठी एटी टाकणारे खूप आहेत. त्यांचं मन मी मोडत नाही, पण पावसाळ्यात पसरणी उतरताना पुढच्या एसटीपासून अंतर जरा जास्त ठेवा, एवढंच सांगेन.

खडी, पठार आणि शेतरस्ता मिळून वापराचा बरा वाटा असेल, किंवा हिवाळ्यात हिमाचल-काश्मीर-लडाखकडे जायचं नक्की असेल, तर पुढे वाचा. मोठ्या गुट्ट्यांचे एमटी टायर मात्र या लेखाच्या बाहेर ठेवतोय. ते खोल चिखलासाठी असतात. डांबरावर घोंघावतात, लवकर झिजतात आणि घट्ट दाबलेल्या बर्फावरही दिसतात तितके चालत नाहीत, कारण त्यांच्या नक्षीतल्या रबरी ठोकळ्यांवर बारीक चिरा कमी असतात.

२. दारावरचा स्टिकर वाचा

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर किंवा दाराच्या कडेला टायरचा आकार आणि हवेचा आकडा छापलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. उदाहरणार्थ २३५/६५ आर १७ १०४ एच. यातला २३५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. पुढचा १०४ हा भाराचा निर्देशांक: या आकड्याचा एक टायर ९०० किलो पेलतो. १०० असेल तर ८०० किलो, १०८ असेल तर १,००० किलो. शेवटचं अक्षर कमाल वेगाचं: क्यू ताशी १६०, एस १८०, टी १९०, एच २१० किलोमीटर.

नवा टायर घेताना भाराचा आणि वेगाचा निर्देशांक कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली जाऊ देऊ नका. एटी घेताना इथे लोक फसतात. आकार जुळला म्हणून टायर उचलतात आणि शेवटचा आकडा बघतच नाहीत. पाच माणसं, कॅरिअरवर सामान, डिझेलचे कॅन आणि वर स्टेपनी असं भरून निघाल्यावर हाच आकडा कामाला येतो.

"साहेब, एक साइज वरचा टाका, गाडी उठून दिसंल," हा सल्ला दर दुसऱ्या दुकानात मिळतो. बोलेरोचं उदाहरण घ्या. मूळ टायर २१५/७५ आर १५, त्याचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर. त्या जागी २३५/७५ आर १५ टाकला की व्यास ७३३ च्या पुढे जातो, म्हणजे चार टक्क्यांच्या वर वाढ. स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा मूळ हिशेबापेक्षा गाडी चार किलोमीटर जास्त पळत असते. पिकअप मरतं, ब्रेकवर ताण येतो आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर टायर मडगार्डच्या लायनरला घासू शकतो. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: जाड टायर टाकला की चाक आणि सस्पेन्शन यांच्यातली फट कमी होते आणि बर्फातली चेन तिथे बसतच नाही. शिवाय कंपनीच्या मूळ मापांपासून गाडीत मनाने बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने बंधन घातलंय. विम्याच्या क्लेमच्या वेळी सर्व्हेयरला बोट ठेवायला जागा कशाला ठेवायची? कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिअंटला दिलेला आकार असेल तर गोष्ट वेगळी; मॅन्युअलमध्ये बघा.

३. बर्फाची खरी खूण ओळखा

या लेखातलं एकच कलम वाचायचं असेल तर हे वाचा.

जवळजवळ प्रत्येक एटी टायरच्या भिंतीवर "एम+एस" असं कोरलेलं असतं. मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ. ते दाखवून दुकानदार सांगतो, बघा, बर्फाचा टायर आहे. पण ही खूण नक्षीच्या रचनेवरून कंपनी स्वतःच देते. नक्षीत ठरावीक प्रमाणात मोकळी जागा आणि काठापासून आत जाणाऱ्या खाचा असल्या की झालं. त्यासाठी बर्फावर एकही चाचणी द्यावी लागत नाही.

दुसरी खूण आहे ती तीन शिखरांच्या डोंगरात कोरलेला हिमकण. ही चाचणीनंतरच मिळते. दाबून घट्ट केलेल्या बर्फावर टायरची पकड मोजतात आणि अमेरिकी पद्धतीत ती ठरवून दिलेल्या प्रमाण टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त भरावी लागते. ही खूण १९९९ पासून वापरात आहे. जर्मनीत तर १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसता एम+एस टायर हिवाळी टायर म्हणून धरतच नाहीत, हिमकण असावाच लागतो. जिथे दर हिवाळ्यात रस्ते पांढरे होतात तिथल्या लोकांनी कुठल्या खुणेवर भरवसा ठेवला, हे यावरून कळतं.

फरक कशाने पडतो? दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे रबर. साधारण ७ अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत बसेनासं होतं. हिमकणाच्या टायरमध्ये सिलिका आणि इतर घटकांचं मिश्रण थंडीतही मऊ राहील असं बेतलेलं असतं. दुसरी म्हणजे ठोकळ्यांवरच्या ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा. बर्फावर रबरापेक्षा बर्फच जास्त चिकटतो. या चिरांत आणि खाचांत बर्फ भरतो आणि तोच खालच्या बर्फाला धरतो.

मग थेट थंड देशातला हिवाळी टायर का घेऊ नये? कारण आपल्याला परत साताऱ्यात यायचंय. एप्रिल-मेमध्ये माण-खटावात किंवा जतला पारा चाळिशी गाठतो, डांबर त्याहून तापतं, आणि ते मऊ रबर तिथे खोडरबरासारखं झिजतं. ब्रेकिंग ढिलं होतं ते वेगळंच. वर्षभर एकच संच ठेवणाऱ्याला हिमकणाची खूण असलेला एटी हीच मधली वाट आहे. आपल्या थंडीचा यात हिशेब धरू नका. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकजवळ दव गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, फोटो छान येतात, पण त्यासाठी कुणी टायर बदलत नाही.

आता या खुणेच्या मर्यादा. चाचणी सरळ रेषेत आणि दाबलेल्या बर्फावर होते. वळणावर गाडी किती धरेल हे त्यात तपासत नाहीत. आणि गोठून काच झालेल्या बर्फावर, ज्याला तिकडे ब्लॅक आइस म्हणतात, ही खूण काहीच हमी देत नाही. दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळी वळणावर गोठतं, दिसतं फक्त ओलं डांबर, आणि त्यावर कुठलाही एटी टायर घसरतो. तिथे चेन किंवा खिळ्यांचे टायर लागतात, नाहीतर सरळ थांबावं लागतं.

ही खूण बऱ्याच आकारांत मिळणारी नावं म्हणजे योकोहामाचा जिओलँडर ए/टी जी०१५, बीएफगुडरिचचा केओ२, जनरलचा ग्रॅबर एटी३. आपल्या कंपन्यांचे एटी घरच्या वापराला उत्तम आहेत आणि स्वस्तही पडतात, पण बर्फाला जायचं असेल तर त्यांच्या भिंतीवर हिमकण आहे का ते पाहूनच ठरवा. एकाच नावाच्या टायरच्या एका आकारावर खूण असते आणि दुसऱ्यावर नसते, असंही होतं. म्हणून वेबसाइटवर विसंबू नका. तुमच्या गाडीला बसणारा टायर हातात घ्या, भिंतीवरून बोट फिरवा आणि खूण शोधा. सापडली नाही तर ती नाही.

४. नक्षी बघताना ओलं डांबर डोळ्यांसमोर ठेवा

जून ते सप्टेंबर आपण ओल्या डांबरावर असतो. बर्फात फार तर आठ-दहा दिवस. त्यामुळे नक्षीचा निवाडा पावसाने करायचा.

ठोकळ्यांमधली मोकळी जागा जितकी जास्त, तितकं चिखलाला बरं. पण रस्त्याला टेकणारं रबर तेवढंच कमी. मध्यभागी ठोकळे जवळजवळ आणि सलग असलेली, कडेला मोकळी असलेली नक्षी आपल्याकडे सोयीची. बारीक चिरा खोलपर्यंत गेल्यात का हे वाकून बघा. काही टायरच्या चिरा वरवरच्या असतात. नक्षी अर्धी झिजली की त्या गायब होतात आणि टायर ओल्यात एकदम वेगळा वागायला लागतो.

काळ्या मातीबद्दल. वाळवा, पलूस, कराडच्या मळीच्या रानांत पाऊस पडून गेल्यावर कुठलाही एटी घ्या, चार फेऱ्यांत खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. तांबड्या, मुरमाड मातीत हाच टायर स्वतःला साफ करत चालतो. म्हणून "एटी आहे, जातंय की" म्हणत उसाच्या फडात गाडी घालू नका, नाहीतर ट्रॅक्टरवाल्याला फोन करावा लागतो आणि गळीत हंगामात त्याला वेळ नसतो. हंगामात ट्रॉल्यांच्या चाकांनी डांबरावर जी माती येते, तिच्यावर दवाने किंवा अवकाळीने पाणी पडलं की ती साबणासारखी होते. तिथे टायर कुठलाही असो, वेग कमी करणं एवढाच उपाय.

आवाजाचं थोडक्यात: नवा एटी ऐंशीच्या पुढे गुणगुणतो, झिजल्यावर जास्त. रोज सातारा-पुणे करणाऱ्याने ओळखीच्या कुणाच्या एटीवाल्या गाडीत बसून खंबाटकीपर्यंत एक फेरी मारावी आणि मग ठरवावं.

५. साधा बांधा की एलटी

काही एटी एकाच आकारात दोन बांध्यांत येतात. आकाराच्या आधी एलटी अक्षरं असली तर तो हलक्या ट्रकसाठीचा जाड बांधा: भिंत मजबूत, धारदार दगडांनी लवकर फाटत नाही. स्पितीच्या खडीत याचा उपयोग आहे. पण वजन वाढतं, ॲव्हरेज पडतं, गाडी रिकामी असताना खड्ड्यात आदळते. शिवाय तेवढाच भार पेलायला एलटीला हवाही जास्त लागते, म्हणजे दारावरच्या स्टिकरचा आकडा त्याला जसाच्या तसा लागू होत नाही. भरलेली गाडी घेऊन वर्षातून अनेकदा कच्च्या डोंगरी रस्त्यांवर जाणार असाल तरच एलटी घ्या. बाकीच्यांना साधा बांधा पुरतो.

६. दुकानात काय तपासायचं

भाव विचारताना पाच टायरचा विचारा, चारचा नाही. स्टेपनी जुन्या एचटीची ठेवली आणि वरती टायर फाटला, तर फोर बाय फोर गाडीत एक चाक वेगळ्या व्यासाचं होतं आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. दोन पुढे नवे, दोन मागे जुने हा प्रकार तर बर्फात नकोच. पकड एका टोकाला असली की दुसरं टोक फिरतं.

टायरच्या भिंतीवर डॉट या अक्षरांनंतर येणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. आयात टायर गोदामात पडून राहिलेले असतात. वर्षभराच्या आतला मिळाला तर उत्तम, दोन वर्षांच्या पुढचा घेऊ नका. घ्यायचाच तर भाव पाडून घ्या. पाचही टायरचे आकडे बघा, कारण एखादा जुना टायर मध्ये सरकवलेला असू शकतो. बऱ्याचदा हा कोड एकाच बाजूला पूर्ण असतो, तेव्हा टायर उलटून बघायला लाजू नका.

आयएसआय मार्क हवाच, परदेशी टायरवरही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. कोटेशन जुन्या दराचं तर नाही ना, बघून घ्या. पक्कं बिल घ्या आणि त्यावर टायरचे सीरियल नंबर लिहायला सांगा. बिनाबिलाचा "डिस्काउंट" घेतला की वॉरंटी तिथेच संपते. जुने टायर दुकानात सोडणार असाल तर त्यांचे पैसे आधी ठरवा, फिटिंग झाल्यावर कुणी बोलत नाही.

७. फिटिंग

बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि नवे व्हॉल्व्ह, तिन्ही करून घ्या. एटीचं वजन जास्त असल्यामुळे बॅलन्सिंगमध्ये कसर राहिली तर नव्वदीला स्टिअरिंग थरथरतं. मशीनवर शून्य दिसेपर्यंत तिथेच उभे राहा. गाडी खाली उतरली की स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून टायर कुठे घासतो का पाहा. शे-सव्वाशे किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या. पहिले काहीशे किलोमीटर नव्या रबरावरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी टायर बदलू नका. दिवाळीत टाका आणि महिनाभर घाटातून चालवा.

८. हवेचं गणित

खाली हवा स्टिकरप्रमाणे ठेवा, सकाळी टायर थंड असताना मोजून. पेट्रोल पंपावरच्या मशीनपेक्षा स्वतःचं गेज ठेवा.

वर गेल्यावर दोन गोष्टी एकाच वेळी होतात आणि त्या एकमेकांच्या उलट असतात. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की हवा १ पीएसआय कमी होते. म्हणजे साताऱ्यातल्या ३० अंशांत भरलेल्या टायरची हवा उणे ५ मध्ये सहाच्या आसपास पीएसआय उतरते. दुसरीकडे उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने गेजचा आकडा वाढतो. रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर आहे आणि तिथे वातावरणाचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच असतो. थंडी आणि उंची मिळून आकडा कुठे जाईल याचा अंदाज घरी बसून बांधता येत नाही. कुणी सांगतं "वर जाताना पाच काढा", कुणी सांगतं "पाच जास्त भरा". दोघांचंही ऐकू नका. मुक्कामाच्या ठिकाणी सकाळी गाडी हलवण्याआधी मोजा आणि स्टिकरच्या आकड्यावर आणा. परत खाली आलात की पुन्हा मोजा. एवढ्यासाठी बारा व्होल्टचा छोटा काँप्रेसर गाडीत हवा.

बर्फात हवा कमी करून चालवायची युक्ती वाळूवरून आली आहे. खोल भुसभुशीत बर्फात अडकलेली गाडी काढायला ती क्वचित कामी येते, पण दाबलेल्या रस्त्यावर तशी गाडी चालवू नका.

९. चेन: घरीच बसवून बघा

मनालीच्या पुढे, सोलंगकडे ताजा बर्फ पडला की पोलीस फोर बाय फोर आणि चेनवाल्या गाड्याच सोडतात, आणि कधीकधी त्याही नाही. तिथे चेन भाड्याने मिळते, पण तुमच्या आकाराची मिळेलच असं नाही. टायरचा आकार सांगून इथूनच मागवा.

चेन ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांना लागते. फ्रंट व्हील गाडीत पुढे, रिअर व्हीलमध्ये मागे. फोर बाय फोरचं मॅन्युअल बघा, कारण काही गाड्यांत एकाच एक्सलवर चेन लावायची परवानगी असते. कंपनीने चेन लावूच नका असं लिहिलं असेल तर कापडी मोज्यासारखं आवरण मिळतं, ते घ्या. चेन लावल्यावर वेग चाळीसच्या पुढे नको, आणि कोरडं डांबर आलं की ती काढायची. नाहीतर चेनही तुटते आणि टायरचे ठोकळेही.

अंगणात, उजेडात, हातमोजे घालून ती दोनदा बसवून काढून बघा. उणे तापमानात, मागे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांची रांग असताना पहिल्यांदा पाकीट उघडणारे पर्यटक तिथे रोज दिसतात, आणि मग एखादा पोरगा चेन बसवून द्यायचे मागेल तेवढे पैसे घेतो.

सोबत ठेवायची यादी:

- आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स. टायरच्या बिलाची आणि वॉरंटी कार्डाची प्रत.
- रोहतांग खिंडीतून जायचं असेल तर ऑनलाइन परमिट. अटल बोगद्यातून जायला ते लागत नाही. हिवाळ्यात खिंड बंदच असते, तेव्हा हा मुद्दा उन्हाळ्यातल्या लोकांसाठी.
- चेन, रबरी हातमोजे, गुडघ्याखाली टाकायला जुनं पोतं.
- प्रेशर गेज, काँप्रेसर, ट्यूबलेस पंक्चर किट.
- जॅक आणि त्याखाली ठेवायला लाकडी फळी. बर्फात जॅक खचतो.
- छोटं फावडं, टो दोरी, हेडलॅम्प.

१०. उतारावर टायरची परीक्षा होते

फोर बाय फोर गाडी चढवते, थांबवत नाही. थांबायला चारही चाकांना ब्रेक सगळ्याच गाड्यांत असतात आणि तिथे काम फक्त टायरचं. चढाला सहज गेलेली गाडी त्याच उताराला घसरते, हे तिकडे सगळ्यात जास्त दिसतं. खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक हलके मारा, पुढच्या गाडीपासून घाटातल्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर ठेवा. साडेतीन-चार वाजल्यानंतर सावलीतल्या वळणांवर जाऊ नका.

पार्ट टाइम फोर बाय फोर (गरजेपुरतीच चारही चाकांना ताकद देणारी) असेल तर कोरडं डांबर लागताच टू व्हीलवर या. बर्फ-डांबर-बर्फ असा रस्ता असला तरी ही खटपट करा, ट्रान्समिशनचं बिल टायरपेक्षा मोठं असतं.

११. पुढच्या हिवाळ्यापर्यंत

आठ-दहा हजार किलोमीटरला टायर फिरवा, स्टेपनीसकट. एटीचे कडेचे ठोकळे घाटात तिरके झिजतात; रोटेशन टाळलं की ते दात्यांसारखे होतात आणि आवाज कायमचा मागे लागतो.

कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. खाचेतली झिजखूण ठोकळ्याच्या पातळीला आली की टायर संपला. पण ही मर्यादा बर्फासाठी उपयोगाची नाही. ऑस्ट्रियात हिवाळी टायरला ४ मिलिमीटर नक्षी लागते, आणि त्याखाली गेलेला रेडियल टायर तिथे हिवाळी धरत नाहीत. आपणही हाच आकडा धरू. दर दिवाळीला डेप्थ गेज घेऊन प्रत्येक टायर तीन ठिकाणी मोजा: आतली कड, मध्य, बाहेरची कड. सगळीकडे ४ च्या वर असेल तर मनालीचं हॉटेल बुक करा. त्याखाली असेल तर हे टायर साताऱ्यात अजून काही महिने निवांत चालतील, फक्त पावसाळ्याच्या तोंडावर, साधारण ३ मिलिमीटरला, बदला. आणि त्या हिवाळ्यात वर जायचंच असेल तर मनालीपर्यंत आपली गाडी न्या, पुढे तिथल्या टॅक्सीने जा.